मिलवॉलचे फॅन खरंच तसले आहेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून टाकतो, मी वेस्ट हॅमवाला, म्हणजे मिलवॉलच्या कट्टर वैरी क्लबचा फॅन, त्यामुळे मिलवॉलची बाजू घ्यायची मला अजिबात हौस नाही. पण इंग्लिश फुटबॉल नव्याने बघायला लागलेल्या मंडळींकडून तेच तेच प्रश्न येतात, आणि उत्तरं देणारे एकतर सगळ्या मिलवॉलला गुंड ठरवून मोकळे होतात नाहीतर "मीडियाने बदनाम केलं हो बिचाऱ्यांना" म्हणून गळा काढतात. दोन्ही अर्धवट आहे. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

मिलवॉल म्हणजे कोण? प्रीमियर लीगमध्ये तर कधी दिसले नाहीत.

कसे दिसतील, प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या आजच्या टॉप डिव्हिजनमध्ये, ते कधी आलेच नाहीत. साउथ लंडनचा क्लब, बहुतेक आयुष्य खालच्या डिव्हिजन्समध्ये गेलंय, टॉप डिव्हिजनला फक्त दोन सीझन, १९८८ ते १९९०, आणि तेव्हा प्रीमियर लीग जन्मालाही आली नव्हती. २००४ मध्ये एफए कपच्या (इंग्लंडमधल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) फायनलपर्यंत गेले आणि मँचेस्टर युनायटेडकडून ३-० हरले. ट्रॉफ्यांच्या हिशोबात किरकोळ क्लब, पण ज्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही अशा इंग्रज माणसालाही मिलवॉल हे नाव माहीत असतं, आणि ते खेळामुळे नक्कीच नाही.

वेस्ट हॅमशी एवढं वैर कशावरून?

दोन्ही क्लब थेम्सकाठच्या गोदीतले. मिलवॉल १८८५ मध्ये पूर्व लंडनमधल्या आयल ऑफ डॉग्जवरच्या मॉर्टनच्या डबाबंद खाद्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला, आणि आमचा क्लब १८९५ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स या जहाज बांधणाऱ्या कंपनीची टीम म्हणून सुरू झाला, १९०० मध्ये त्याचं वेस्ट हॅम युनायटेड झालं. म्हणजे सुरुवातीला दोघंही नदीच्या एकाच बाजूला, एकाच प्रकारच्या कामावरची माणसं, आणि भाऊबंदकीइतकं जहाल भांडण दुसरं नसतं. १९१० मध्ये मिलवॉल नदी ओलांडून दक्षिणेला न्यू क्रॉसला गेलं, नाव मात्र जुन्या जागेचंच राहिलं.

१९२६ च्या देशव्यापी संपाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की एका बाजूचे गोदी कामगार संपावर आणि दुसऱ्या बाजूच्यांनी तो फोडला, तिथून आग लागली. आता क्लब सोळा वर्षं आधीच नदीपार गेला होता, त्यामुळे ही गोष्ट ऐकायला झकास पण पुरावा म्हणून लंगडीच. खरं रक्ताचं वैर बरंच नंतरचं. १९७६ मध्ये न्यू क्रॉस स्टेशनला वेस्ट हॅमच्या पोरांशी मारामारी होऊन मिलवॉलचा एक तरुण ट्रेनमधून पडून मेला, आणि त्यानंतर हे टोमण्यांवर भागेना.

ही बदनामी कधीपासूनची?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार जुनी. प्रेक्षकांच्या वागण्यामुळे फुटबॉल असोसिएशनने मिलवॉलचं ग्राउंड, म्हणजे 'द डेन', पहिल्यांदा बंद केलं ते १९२० मध्ये. मग १९३४, १९४७, १९५०, १९७८. म्हणजे "टीव्ही आला आणि टीव्हीने बिघडवलं" हे काही पटत नाही.

पण टीव्ही-पेपरांनी तेल ओतलं हेही खरं. नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रेंटफर्डच्या ग्राउंडवर मॅच चालू असताना मिलवॉलच्या बाजूने मैदानात चक्क एक हातबॉम्ब येऊन पडला. ब्रेंटफर्डचा गोलकीपर चिक ब्रोडी याने तो उचलला, निरखून बघितला आणि गोलच्या जाळीत फेकून दिला. (काळीज बघा त्या माणसाचं!) बॉम्ब नकली निघाला, पण दुसऱ्या दिवशी पेपरात युद्धाची भाषा सुरू झाली. मग १९७७ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरामा'ने मिलवॉलच्या दांडगट टोळ्यांवर अख्खा कार्यक्रम केला, त्यात कॅमेऱ्यासमोर फुशारक्या मारणारी पोरं घराघरात दिसली, आणि चारच महिन्यांत, मार्च १९७८ ला, डेनवर इप्सविचविरुद्ध एफए कपच्या क्वार्टर फायनलला दंगल झाली. इप्सविच ६-१ ने जिंकलं, ते आज कोणाला आठवत नाही, दंगल आठवते.

कार्यक्रमामुळे दंगल झाली असं मी म्हणत नाहीये. पण दंगा करायची खुमखुमी असलेल्या देशातल्या प्रत्येक पोराला त्या रात्री पत्ता मिळाला, एवढं मात्र खरं.

'फर्म' म्हणजे काय?

हाणामारीसाठीच जमणारी टोळी. मिलवॉलचे बुशव्हॅकर्स, चेल्सीचे हेडहंटर्स, लीड्सची सर्व्हिस क्रू, बर्मिंगहॅमचे झुलू, आणि आमची इंटर सिटी फर्म, जी आयसीएफ म्हणून ओळखली जाते. फॅन्ससाठी ज्या स्वस्त स्पेशल ट्रेन सुटायच्या त्यांच्यावर पोलिस डोळ्यात तेल घालून असायचे, म्हणून ही पोरं पैसे भरून नेहमीच्या इंटरसिटी गाडीने जायची, सभ्य प्रवाशांसारखी. मार खाल्लेल्या माणसाजवळ "अभिनंदन, तुमची आयसीएफशी भेट झाली" अशा अर्थाचं छापील व्हिजिटिंग कार्ड ठेवून जायची. हसू येतं ऐकून, पण ज्याचं डोकं फुटलंय त्याला आलं नसणार.

नव्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. फर्मवाले क्लबचे कपडे घालतच नाहीत. ७० च्या दशकाच्या शेवटापासून लिव्हरपूलची पोरं युरोपात मॅचला जाऊन तिकडून महागडे स्पोर्ट्स ब्रँड आणायला लागली, फिला, सर्जिओ ताकिनी वगैरे, पुढे स्टोन आयलंड, आणि पोलिस बघायचे स्कार्फ आणि बूट, त्यामुळे ही चकाचक पोरं सहज निसटायची. अख्खी 'कॅज्युअल्स' फॅशन यातूनच आली. तेव्हा जर्सी, टोपी, स्कार्फ घालून पोराचा हात धरून चाललेला माणूस जो सगळ्यात जास्त 'मिलवॉल' दिसतो, तो बहुतेक वेळा सगळ्यात निरुपद्रवी असतो. आणि शिव्या, धक्के आणि पोलिसांचा पहिला दांडा त्यालाच.

१९८५ ला ल्युटनमध्ये नक्की काय झालं? सगळे तेच उदाहरण देतात.

देणारच, कारण पूर्ण देशाने ते टीव्हीवर बघितलं. १३ मार्च १९८५, बुधवार रात्र, ल्युटन विरुद्ध मिलवॉल, एफए कपची क्वार्टर फायनल, ल्युटनच्या केनिलवर्थ रोड ग्राउंडवर. मिलवॉलने आधीच सुचवलं होतं की मॅच फक्त आगाऊ तिकीट काढलेल्यांसाठी ठेवा, दारात तिकीट विकू नका. ल्युटनने ते मनावर घेतलं नाही. मिलवॉल तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, घरच्या मॅचलासुद्धा गर्दी बेताची, आणि त्या रात्री पाहुण्यांच्या बाजूला त्याहून कितीतरी जास्त माणसं! मॅच सुरू व्हायच्या बरीच आधी स्टँड ओसंडून लोक कुंपणावरून मैदानात, बाटल्या, नाणी, खुर्च्या हवेत. मिलवॉलचे मॅनेजर जॉर्ज ग्रॅहम यांनी लाउडस्पीकरवरून विनवण्या केल्या, कोणी ऐकलं नाही. मॅच सुरू झाली, चौदाव्या मिनिटाला रेफरीने खेळाडूंना आत नेलं, पंचवीसेक मिनिटांनी परत आणलं. ब्रायन स्टाइनच्या गोलवर ल्युटन १-० जिंकलं. शिट्टी वाजली आणि मग खरी लढाई: उपटलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन शेकडो जण पोलिसांवर चालून जातायत, पोलिस मागे सरकतायत, परत पुढे येतायत, कुत्री सुटलीयेत, असं ते फुटेज आहे. ल्युटनचा कीपर लेस सीली याच्या डोक्याला काहीतरी लागलं, आणि नंतर गोलजवळ चाकू सापडला.

दुसऱ्या दिवशी ३१ जण कोर्टात उभे केले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःला चेल्सीचे, वेस्ट हॅमचे सपोर्टर म्हणवलं. म्हणजे मिलवॉल मोठ्या मॅचला जातंय, धिंगाणा होणार हे नक्की, मग चला आपणही, असं करून आलेली परक्या क्लबची पोरं. बदनामीचं चक्र फिरतं ते असं: नाव खराब म्हणून दंगेखोर येतात, दंगेखोर येतात म्हणून नाव आणखी खराब. तोडफोडीचं बिल मात्र एकाच नावावर फाटतं.

मिलवॉलची पोरं त्यात नव्हती असं कोणी समजू नका हं. भरपूर होती.

त्याची शिक्षा काय झाली?

मिलवॉलला साडेसात हजार पौंड दंड आणि ल्युटनला कुंपणं उभारायची सक्ती, आणि अपिलात दोन्ही रद्द! ल्युटनने मग स्वतःच १९८६-८७ च्या सीझनपासून पाहुण्या फॅन्सना सरसकट बंदी घातली, मेंबरशिप कार्ड असेल तरच आत. त्यापायी लीग कप या दुसऱ्या बाद स्पर्धेतून त्यांना काढून टाकलं गेलं तरी हटले नाहीत, चार सीझन चालवलं. सरकारच्या पातळीवर पंतप्रधान थॅचरबाईंनी हा विषय थेट स्वतःच्या हातात घेतला.

तुमचे वेस्ट हॅमवाले काय धुतल्या तांदळासारखे आहेत का?

मिलवॉलवाले हमखास विचारतात, आणि प्रश्न बिनतोड आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे फुटबॉल फॅनइतकं मनापासून दुसरं कोणी पाळत नाही.

१९८० घ्या. युरोपातल्या कप विनर्स कपमध्ये माद्रिदला कास्तिया या स्पॅनिश टीमविरुद्ध मॅच, आमच्या लोकांनी तिथे राडा केला, तर शिक्षा म्हणून घरची मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवली, १ ऑक्टोबर १९८० ला. अधिकृत हजेरी २६२. अप्टन पार्कसारख्या आमच्या तेव्हाच्या गजबजलेल्या ग्राउंडवर २६२ माणसं, त्यात पत्रकार आणि कर्मचारीच. ५-१ जिंकलो, आणि ते बघायला आमच्यातलंच कोणी नव्हतं.

२५ ऑगस्ट २००९ घ्या. लीग कपमध्ये वेस्ट हॅम विरुद्ध मिलवॉल, अप्टन पार्कला. पोलिसांच्या सांगण्यावरून मिलवॉलला मिळणारी तिकिटं कमी केलेली, बाहेर रस्त्यावर मॅचच्या आधीपासूनच विटा-बाटल्या, ४४ वर्षांच्या एका मिलवॉल फॅनला भोसकलं. मिलवॉल १-० पुढे होतं, शेवटच्या काही मिनिटांत आम्ही बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ३-१ जिंकलो. आणि प्रत्येक आनंदाच्या क्षणी मैदानात घुसले ते आमचे लोक. चौकशी झाली, वेस्ट हॅमला १,१५,००० पौंड दंड, मिलवॉल सगळ्या आरोपांतून सुटलं. तरीही आज दहा जणांना विचारा २००९ ची दंगल कोणाची, सात-आठ जण बेधडक मिलवॉल म्हणतील.

अजून जवळचं हवं असेल तर ७ जून २०२३, प्राग, युरोपातल्या कॉन्फरन्स लीगची फायनल, समोर इटलीची फिओरेंटिना. त्याआधी महिनाभरही झाला नव्हता, नेदरलँड्समध्ये एझेड अल्कमारची हूड घातलेली पोरं आमच्या खेळाडूंच्या घरच्यांच्या स्टँडवर चालून गेली होती आणि तेव्हा आम्ही सगळे फारच सोज्वळ झालो होतो, "बघा हो हे रानटी लोक" वगैरे. आणि फायनलला आमच्याच बाजूने ग्लास फेकले गेले, फिओरेंटिनाचा कॅप्टन बिरागी याचं डोकं फुटलं, रक्त वाहत होतं. कप जिंकलो म्हणून आमच्या लोकांनी तो विषय पटकन बाजूला सारला.

मग फरक काय राहिला? मिलवॉलच का कुप्रसिद्ध?

काही गोष्टी जमून आल्या. क्लब छोटा, मोठी ट्रॉफी नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगायला दुसरं काही नाही. लिव्हरपूलचं नाव काढलं की आधी कप आठवतात, मिलवॉलचं काढलं की आधी खुर्च्या. दुसरं म्हणजे जुना डेन होताच तसा, न्यू क्रॉसच्या अंधाऱ्या गल्लीबोळांत, पाहुण्यांना तिथून जीव मुठीत धरून जावं लागायचं. आणि तिसरं, त्यांनी स्वतः हे नाव मिरवलं. आम्ही कोणाला आवडत नाही आणि आम्हाला त्याचं काही पडलेलं नाही, अशा अर्थाचं त्यांचं गाणं आहे, ते छाती फुगवून गातात. आता रोज लोकांनी शिव्या घातल्यावर माणूस हेच म्हणणार, समजू शकतो. पण तेच गाणं ऐकून चार टाळकी ते सिद्ध करायलाही येतात ना.

हेझल आणि हिल्सबरो एकच प्रकार आहे का? दोन्हीत लिव्हरपूल होतं.

नाही. आणि हे दोन एका दमात घेणं मला फार खटकतं.

हेझल, ब्रसेल्स, २९ मे १९८५, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस, युरोपियन कपची फायनल. मॅचच्या आधी लिव्हरपूलचे फॅन शेजारच्या भागातल्या, मुख्यतः युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर धावून गेले, लोक मागे पळाले, भिंत कोसळली, ३९ मृत्यू. स्टेडियम मोडकळीला आलेलं, पोलिस अपुरे, तिकिटांचा घोळ, हे सगळं खरं आणि बेल्जियमच्या अधिकाऱ्यांवरही खटले झाले. पण धावून जाणारे गेले होते, १४ लिव्हरपूल फॅन्सना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. इंग्लिश क्लब युरोपातून पाच वर्षं बाहेर, लिव्हरपूल सहा.

हिल्सबरो, शेफील्ड, १५ एप्रिल १९८९, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कप सेमी फायनल. इथे कोणीही दंगा केला नव्हता. बाहेर गर्दी तुंबली, पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं, लोक बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत गेले. पिंजरा हाच शब्द बरोबर आहे, समोर उंच जाळी, दोन्ही बाजूंना जाळी. माणसं गुदमरत होती, जाळीवर चढून जीव वाचवायला बघत होती, आणि काही पोलिस त्यांना परत आत ढकलत होते कारण त्यांना वाटलं मैदानात घुसायचा प्रयत्न चाललाय. ९७ जीव गेले, शेवटचा माणूस त्या दिवसाच्या जखमांमुळे २०२१ मध्ये गेला. बंदोबस्ताचे प्रमुख डकनफील्ड यांनी त्याच दुपारी सांगितलं की फॅन्सनी गेट तोडलं, जे धादांत खोटं होतं. चार दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर छापलं की फॅन्सनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, आणि मथळा दिला 'सत्य'. २०१२ मध्ये स्वतंत्र पॅनेलने कागदपत्रं उघडी केली, पोलिसांचे जबाब बदलले गेल्याचं दिसलं, आणि २०१६ मध्ये ज्युरीने हे मृत्यू बेकायदेशीर ठरवले आणि फॅन्सचा काही दोष नव्हता असं स्पष्ट म्हटलं. सत्तावीस वर्षं लागली.

लोकांनी इतकी वर्षं विश्वास का ठेवला? कारण हेझल झालं होतं, ल्युटन झालं होतं, "फुटबॉलवाले असेच" हे डोक्यात पक्कं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या जाळ्यासुद्धा दंगेखोरांसाठीच उभारलेल्या, ऑगस्ट १९७४ मध्ये ब्लॅकपूलला एका फॅनचा खून झाल्यानंतर जागोजागी कुंपणं आली, आणि त्या कुंपणांनी शेवटी मॅच बघायला आलेली पोरं मारली. म्हणून कोणी "अमुक क्लबचे सगळे फॅन जनावरं" असं सहज टाइप करतं तेव्हा मी समोरच्या क्लबचा असूनही वाद घालतो.

मग हे कमी कसं झालं?

एका उपायाने नाही. १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी केली (म्हणून आजही लोक हाफ टाइमला आत जाऊन घाईघाईत पितात). जानेवारी १९९० मध्ये हिल्सबरोवरचा टेलर रिपोर्ट आला, त्यामुळे वरच्या दोन डिव्हिजन्समध्ये बसायच्या खुर्च्या सक्तीच्या झाल्या, जाळ्या गेल्या. थॅचरबाईंची प्रत्येक फॅनला ओळखपत्र द्यायची योजना मात्र याच रिपोर्टने बारगळली. १९९१ मध्ये मैदानात घुसणं, वस्तू फेकणं, वर्णद्वेषी घोषणा हे स्वतंत्र गुन्हे झाले. सीसीटीव्ही आले. तिकिटं महागली, ज्याने गुंडांबरोबर गरीब पण साधे फॅनसुद्धा बाहेर गेले, याबद्दल फार कमी बोललं जातं.

गंमत म्हणजे टेलर रिपोर्टनंतर नव्याने बांधलेलं इंग्लंडमधलं पहिलं ऑल-सीटर स्टेडियम कोणाचं? मिलवॉलचं. नवा डेन, १९९३.

बॅनिंग ऑर्डर काय असते?

कोर्ट तुम्हाला ३ ते १० वर्षं फुटबॉल मॅचला जायला मनाई करतं. फक्त तुमच्या क्लबच्या नाही, सगळ्याच ठरलेल्या मॅचेसना. इंग्लंडची टीम परदेशात खेळत असेल तर पासपोर्ट पोलिसांकडे जमा. युरो २००० मध्ये (युरो म्हणजे युरोपातल्या देशांच्या टीम्सची स्पर्धा) बेल्जियममध्ये इंग्लिश फॅन्सनी घातलेल्या गोंधळानंतर हे अजून कडक झालं, आणि २०२२ पासून ऑनलाइन द्वेषाच्या गुन्ह्यांनाही लागू झालं. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा उपाय हाच, कारण यात माणूस पकडला जातो, स्कार्फ नाही.

त्यापेक्षा पाहुण्या फॅन्सना बंदीच घातली तर?

अर्जेंटिनाने २०१३ पासून घातली. तिथल्या दांडगट फॅन्सच्या टोळ्या, ज्यांना 'बारा ब्रावा' म्हणतात, तरी आपसात भांडतच राहिल्या, कारण तिथे भांडण पार्किंगच्या आणि तिकिटांच्या काळ्या पैशाचंही आहे. २०१८ मध्ये रिव्हर आणि बोका या तिथल्या दोन कट्टर वैरी क्लबांच्या लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा) फायनलला बोकाचे फॅन स्टेडियममध्ये नव्हतेच, तर बोकाच्या बसवर हल्ला झाला आणि फायनल उचलून माद्रिदला न्यावी लागली.

इंडोनेशियात १ ऑक्टोबर २०२२ ला कांजुरुहान स्टेडियममध्ये पाहुण्या पर्सेबायाचे फॅन येऊच दिले नव्हते. घरची टीम आरेमा हरली, काही लोक मैदानात उतरले, पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दारांकडे पळाले आणि १३५ मेले. समोरचा क्लब तिथे नव्हताच, बोलायचं कोणाला?

पोलिस कडक असले की सगळे सुतासारखे सरळ येतात, नाही का?

उलटं जास्त दिसतं. युरो २००४ ला पोर्तुगालमध्ये पोलिसांनी ठरवून नेहमीच्या साध्या गणवेशात, जोडीजोडीने, हसत-बोलत बंदोबस्त ठेवला, दंगलीच्या वेशातल्या तुकड्या नजरेआड ठेवल्या, आणि जे खरे त्रास देणारे त्यांना लवकर आणि एकेकटं उचललं. तेच इंग्लिश फॅन, ज्यांनी चार वर्षांपूर्वी बेल्जियमचे चौक खुर्च्यांनी भरले होते, तिथल्या स्टेडियमांपाशी बऱ्यापैकी शांत राहिले. क्लिफर्ड स्टॉट नावाचे संशोधक यावर बरीच वर्षं काम करतायत, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सगळ्या गर्दीला गुन्हेगार समजून हाकललं तर साधी माणसंसुद्धा दंगेखोरांच्या बाजूने उभी राहतात.

याउलट नोव्हेंबर २००८. स्टोक या क्लबचे फॅन मँचेस्टर युनायटेडच्या मॅचला चाललेले, वाटेत मँचेस्टरजवळच्या अर्लमच्या एका पबमध्ये निवांत बसलेले. पोलिस आले, सगळ्यांना बसमध्ये भरलं आणि मॅच न बघता घरी परत पाठवलं. केलं काहीच नव्हतं. नंतर पोलिसांना भरपाई द्यावी लागली, मॅच मात्र गेली ती गेली.

अल्ट्रा आणि हूलिगन एकच ना?

नाही. अल्ट्रा म्हणजे ढोल, बॅनर, टिफो (अख्ख्या स्टँडने मिळून उभारलेलं भलंमोठं चित्र), नव्वद मिनिटं गाणी. त्यातले काही हाणामारीही करतात, काही अजिबात नाही.

हे फक्त इंग्लंडचंच दुखणं आहे का?

छे. इजिप्तमध्ये पोर्ट सैदला १ फेब्रुवारी २०१२ ला अल अहली या क्लबचे सत्तरहून जास्त फॅन मेले. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचला १६ जण गेले. इंग्लंडचं नाव जास्त झालं कारण त्यांनी ते ट्रेनने आणि बोटीने दुसऱ्यांच्या देशातही नेलं. आणि संपलंय असंही नाही, ११ जुलै २०२१ ला युरोच्या फायनलला वेम्बलीत हजारो लोक बिनतिकीट घुसले तो तमाशा सगळ्यांनी लाइव्ह बघितला.

मिलवॉलबद्दल चांगलं सांगण्यासारखं काहीच नाही?

आहे, दात-ओठ खात सांगतो. ल्युइशम हॉस्पिटल वाचवायच्या मोहिमेत क्लब लोकांच्या बाजूने उभा राहिला. त्यांच्या स्टेडियमभोवतीची जमीन काउन्सिल घेणार होतं, फॅन्सनी लढा देऊन जानेवारी २०१७ मध्ये ते थांबवलं, आणि त्यात दुसऱ्या क्लबांचे फॅनही बरोबर होते. त्याच वर्षी लीगने त्यांना फॅमिली क्लब ऑफ द इयर दिला. हो, मिलवॉलला. ३ जून २०१७ ला लंडन ब्रिजच्या हल्ल्यात चाकूवाल्या तिघांसमोर मिलवॉलचं नाव घेत रिकाम्या हाताने उभा राहिलेला माणूस त्यांचाच.

आणि मग डिसेंबर २०२० येतो, खेळाडू वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकतात आणि डेनवरून हुर्यो उडवली जाते. त्याआधी २०१३ मध्ये वेम्बलीवर विगनविरुद्धच्या सेमी फायनलमध्ये ते आपसातच भिडले होते, शेजारी लहान पोरं रडतायत आणि बाप्ये एकमेकांना ठोसे मारतायत. २०१९ ला एव्हर्टनच्या मॅचबाहेर एकाच्या गालावर सुरा फिरला. म्हणजे सगळंच पेपरवाल्यांनी रचलंय असं म्हणायला ते जागा ठेवत नाहीत.

मारामारीचा व्हिडिओ फिरतोय, खाली लिहिलंय 'मिलवॉल'. खरा मानायचा का?

आधी तारीख आणि स्टेडियम बघा. २००९ चे आमचे व्हिडिओ आजही त्यांच्या नावावर फिरतात.

डेनला मॅच बघायला जायचंय, पाहुण्या टीमचा फॅन म्हणून. सुरक्षित आहे का?

आहे, दरवर्षी हजारो लोक जाऊन येतात आणि काहीही होत नाही. साउथ बर्मंडसी स्टेशनला उतरायचं, तिथून पाहुण्या फॅन्ससाठी वेगळी वाट थेट त्यांच्या स्टँडपर्यंत जाते, तिचाच वापर करायचा, शॉर्टकट शोधत बसायचं नाही. आपल्या टीमची जर्सी जॅकेटच्या आत. आजूबाजूच्या पबमध्ये आपली गाणी म्हणायची नाहीत. मॅच संपल्यावर पोलिस थोडा वेळ थांबवून ठेवतात, कटकट करू नका, ट्रेन तुमच्यासाठीच सोडलेली असते. आणि वेस्ट हॅमचे असाल तर २०११-१२ मध्ये दोन्ही क्लब चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, असताना आपण तिथे ०-० खेळून आलो आणि घरी २-१ जिंकलो, हे तिथे कोणालाही आठवण करून द्यायला जाऊ नका.